रोम–असिसी यात्रा: साडेतीन तारे, त्यातले अडीच एकट्या असिसीचे

2025 हे जुबिलीचं, म्हणजे कॅथलिकांचं पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष. वसईत प्रत्येक चर्चच्या नोटीस बोर्डावर रोमयात्रेची जाहिरात होती, आणि आम्ही दोघं ऑक्टोबरात जाऊन आलो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चालवणारे आमच्याच भागातले आहेत आणि दर रविवारी मिस्सानंतर समोर येतात. ज्यांना विचारायचं असेल ते विचारतीलच. माझी नोकरी बँकेत, जन्म कॅश काउंटरवर गेला, त्यामुळे आधी पैशांचं बोलते.

माणशी सव्वादोन लाख रुपये. त्यात विमान, व्हिसा, हॉटेल, बस, सकाळचा नाश्ता, रात्रीचं भारतीय जेवण आणि बरोबर एक फादर. दुपारचं जेवण आपलं आपण. व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट धरलेलं, सेंट पीटर बॅसिलिकात, म्हणजे व्हॅटिकनच्या मोठ्या चर्चमध्ये, मुळात तिकीटच नाही. हॉटेल शहराबाहेर, स्वच्छ, खोल्या काडेपेटीएवढ्या. रात्रीचं जेवण म्हणजे रोज तीच पिवळी डाळ आणि तेच चिकन. कुणीतरी घरून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणली होती, ती बसमध्ये फिरायची, त्यावर निभावलं. गाइड मुलगी इटालियन, इंग्रजी स्वच्छ, आणि फादर तिचं मराठीत सांगायचे, मधूनच आमच्या कादोडी बोलीत. हा भाग फार छान होता. बस वेळेवर. सामान हरवलं नाही. एवढ्यावर कुणाचं समाधान होणार असेल तर इथेच थांबा आणि बुकिंग करा.

मी मात्र एक प्रश्न घेऊन गेले होते. आमचा धाकटा मुलगा चर्चला येईनासा झाला आहे. त्याचं म्हणणं एका वाक्यात: ‘येशूला डोकं टेकायला जागा नव्हती, आणि तुम्ही त्याच्या नावाने महाल बांधलेत.’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत तर महालच महाल होते. तेव्हा म्हटलं, बघून तरी येऊ.

सेंट पीटरमध्ये पाय ठेवला की माणूस गप्प होतो, हे खरं आहे. ज्याने ते बांधलं त्याला तेच हवं होतं. वेदीवरचं बेर्निनी या शिल्पकाराचं काशाचं छत 29 मीटर उंच. पोप आठवे अर्बन यांनी त्यासाठी पँथिऑन या प्राचीन रोमन देवळाच्या ओसरीचं कासं काढून घेतलं असं सांगतात, आणि आपल्या बार्बेरिनी घराण्याच्या खुणेच्या मधमाश्या त्यावर बसवून घेतल्या. मान वर करून मोजत बसलं तर त्या सापडतात. आमच्या बसमधल्या मुलांनी शर्यत लावून शोधल्या. हे मंदिर 1506 मध्ये सुरू झालं आणि 1626 मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. मधल्या काळात खर्च भागवायला पापमोचनाची पत्रं विकली गेली, आणि 1517 मध्ये जर्मनीत मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला. म्हणजे आपण ज्या फरशीवर उभे असतो तिच्या बिलापायी पश्चिमेतली ख्रिस्तसभा फुटली. गाइडने हे दोन वाक्यांत उरकलं. फादरांनी तेवढंही भाषांतर केलं नाही, पण बसमध्ये परत आल्यावर स्वतःहून सविस्तर सांगितलं. तिथे कान फार होते, असं म्हणाले.

घुमटाच्या आतल्या कडेला सोनेरी पट्ट्यावर अक्षरं आहेत, एकेक अक्षर सुमारे दोन मीटरचं. ‘तू पेत्र आहेस, आणि या खडकावर मी माझी ख्रिस्तसभा उभारीन’, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायातलं. येशूच्या तोंडचंच वाक्य, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच मत्तयमध्ये 6व्या अध्यायात ‘पृथ्वीवर आपल्यासाठी संपत्ती साठवू नका’ हेही आहे. दोन मीटरच्या अक्षरांसाठी कुठलं वाक्य निवडायचं हे ज्याच्या हातात चुना-विटा असतात तो ठरवतो.

त्या संध्याकाळी बसमध्ये जुंपली. उत्तनचे एक काका म्हणाले, ‘फादर, हे सगळं विकून गोरगरिबांना का देत नाहीत?’ फादर हसले. ‘काका, हे वाक्य आधी कोणी म्हटलंय ठाऊक आहे? यूदाने. मरियेने येशूच्या पायांना सुगंधी तेल लावलं तेव्हा.’ सगळी बस हसली, काका बिचारे ओशाळले. यूदा म्हणजे येशूला पैशांसाठी धरून देणारा शिष्य, आणि योहानाच्या 12व्या अध्यायात ते आहे खरं. पण मला ते हसणं पटलं नाही. म्हटलं, ‘फादर, येशूनेसुद्धा म्हटलंय की. मार्कच्या 10व्या अध्यायात, श्रीमंत माणसाला. जा, तुझं असेल नसेल ते विक आणि गरिबांना दे.’ फादर म्हणाले, ‘हो बाई, म्हटलंय.’ मग जरा वेळाने, ‘उद्या असिसीला जायचंय. तिथे जो माणूस झाला त्याने ते वाक्य शब्दशः घेतलं. त्याचं काय झालं ते बघा, मग भांडू.’

या यात्रेतलं मला सर्वांत आवडलेलं वाक्य ते. कंपनीने या फादरांना कायमचं ठेवून घ्यावं.

रोमहून असिसी बसने अडीच तास. बस आधी खाली सपाटीवर थांबते, सांता मारिया देल्यी आंजेली या बॅसिलिकापाशी. बाहेरून आणखी एक मोठं चर्च, माथ्यावर सोनेरी मरियामाता. लांबी सुमारे 126 मीटर. आत शिरलं की घुमटाखाली मधोमध एक दगडी खोपटं उभं असतं. पोर्झिउंकुला. सात मीटर लांब, चार मीटर रुंद, आमच्या जुन्या घराच्या पडवीएवढं. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी ही पडकी खोली स्वतःच्या हातांनी डागडुजी करून उभी केली. त्यांचे पहिले भाऊ, म्हणजे त्यांच्या संघातले व्रतस्थ साथी, इथे जमले, आणि 3 ऑक्टोबर 1226 ला, काही पावलांवर, ते जमिनीवर पडून वारले. त्याच्याभोवती आणि त्याच्यावर 1569 पासून 1679 पर्यंत एकशेदहा वर्षं हे दुसरं चर्च बांधलं गेलं, कारण यात्रेकरू मावेनात.

मी तिथे बराच वेळ उभी होते. मुलाचा प्रश्न दगडात बांधलेला समोर होता, त्याचं उत्तरही.

या खोपटाची मालकी फ्रान्सिस यांनी कधी घेतली नाही. जागा बेनेडिक्टाइन मठाची. भाडं म्हणून दरवर्षी टोपलीभर मासे मठात पाठवायचे, असं सांगतात, आणि मठवाले बदल्यात तेल द्यायचे. मासे ऐकल्यावर आमच्या बसमधल्या कोळी बायकांनी लगेच विचारलं, कोणते मासे? गाइडला सांगता आलं नाही, नदीचे असणार. भाडं भरत राहायचं म्हणजे जागा आपली नाही हे दरवर्षी स्वतःला सांगायचं. एकदा ते गावाला गेले असताना असिसीकरांनी भावांसाठी शेजारी पक्कं घर बांधलं. परत येऊन बघतात तर काय! सरळ छपरावर चढले आणि कौलं खाली फेकायला लागले. गावच्या शिपायांनी ओरडून सांगितलं की घर तुमचं नाही, नगराचं आहे, तेव्हा कुठे थांबले. आणि पैशाचं तर विचारूच नका. एका भावाने देवळात पडलेलं नाणं हातात धरलं म्हणून त्याला ते तोंडात धरून बाहेर न्यायला लावलं आणि गाढवाच्या शेणावर ठेवायला सांगितलं. मी आयुष्यभर नोटा मोजल्या. त्या भावाची मला दया आली, आणि नाण्याचीही थोडी.

आता पुढचं ऐका, कारण हे माहितीपत्रकात नाही. मरण्यापूर्वी फ्रान्सिस यांनी मृत्युपत्र सांगून ठेवलं: भावांनी दारिद्र्याच्या व्रताला न शोभणारी चर्चेस आणि घरं स्वीकारू नयेत, रोमच्या दरबाराकडून संरक्षणाची पत्रं मागू नयेत, माझ्या शब्दांना टीपा जोडू नयेत. 1228 च्या 16 जुलैला पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत जाहीर केलं. 17 जुलैला, दुसऱ्याच दिवशी, त्याच पोपनी टेकडीवरच्या भल्यामोठ्या बॅसिलिकाची पायाभरणी केली. आणि 1230 मध्ये पत्रक काढून सांगितलं की ते मृत्युपत्र भावांवर बंधनकारक नाही. हे पोप फ्रान्सिस यांचे वैरी नव्हते, जवळचे मित्र होते. मला वाटतं इथेच गोम आहे. येशूची शिकवण बदलायला शत्रू लागत नाही. प्रेमाने, भक्तीने, ‘अहो, एवढी माणसं येणार, त्यांची सोय नको का?’ असं म्हणतच ती बदलते.

पुढे तर कहरच झाला. येशू आणि प्रेषितांच्या मालकीचं काहीच नव्हतं, ना एकेकट्याच्या ना सामायिक, असा काही फ्रान्सिस्कन, म्हणजे फ्रान्सिस यांच्या संघातल्या, भावांचा आग्रह होता. 1318 मध्ये त्यांच्यातल्या हट्टी चौघांना मार्सेयला जाळलं. 12 नोव्हेंबर 1323 ला पोप बाविसावे जॉन यांनी जाहीर केलं की असा आग्रह धरणं हा पाखंड आहे. कारणं नीट बघितली तर नुसता लोभ नव्हता. भावांकडे मठ होते, धान्य होतं, पुस्तकं होती, आणि कागदोपत्री ते सगळं पोपच्या नावावर होतं. जे रोज खाऊन संपतं त्याची मालकी दुसऱ्याची, हा हिशोबातला खोटेपणा आहे असं पोपचं म्हणणं. कॅशियर म्हणून मला तो मुद्दा कळतो, ऑडिटर असते तर मीही शेरा मारला असता. पण शेरा मारणं वेगळं आणि चिता रचणं वेगळं.

वर टेकडीवर गेलो. बस तिथे नेत नाहीत, मिनीबस किंवा पाय. चपला नव्हे, बूट घाला, चढ आणि दगडी रस्ते आहेत. बॅसिलिकात प्रवेश फुकट, फोटोला मनाई. दर थोड्या वेळाने भोंग्यावरून ‘सिलेंत्सिओ’ असं दटावतात. त्या आवाजानेच जास्त शांतताभंग होतो. वरच्या मंदिरात फ्रान्सिस यांच्या आयुष्याची 28 चित्रं भिंतीवर आहेत. 1997 च्या भूकंपात छताचा भाग कोसळला, चार जणं गेली, नंतर चित्रांचे हजारो तुकडे जुळवून छत परत उभं केलं. खालच्या मंदिरात वेदीवरच्या छतावर सोन्याच्या पार्श्वभूमीवर एक लग्न रंगवलंय. नवरा फ्रान्सिस, नवरी दारिद्र्य. तिचा झगा फाटका, पायाशी काटे, एक कुत्रं तिच्यावर भुंकतंय, एक पोर दगड मारतंय, दुसरं काठीने टोचतंय. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं हे काम, म्हणजे वर लिहिलेला तंटा चालू असतानाचं. दारिद्र्याचं लग्न अस्सल सोन्यात. चित्रकाराला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही. त्या कुत्र्याचं तोंड बघा.

अवशेषांच्या खोलीत फ्रान्सिस यांचा झगा आहे, करड्या रंगाचा, ठिगळांवर ठिगळं. आणि 1223 ची मूळ नियमावली. इथे मला मुलाला काय सांगायचं ते सापडलं. ख्रिस्तसभा आपल्या संस्थापकाच्या शब्दांपासून दूर गेली का? गेली. हे आता माझ्याकडून कुणी वदवून घ्यायची गरज नाही. पण ती दूर गेल्याचा पुरावा तिनेच जपून ठेवलाय, काचेच्या पेटीत, भर मंदिरात, आणि दर वर्षी तो ‘डोकं टेकायला जागा नाही’ वाला उतारा स्वतःच्याच वेदीवरून स्वतःच्याच विरुद्ध वाचते. खोपटं पाडून महाल बांधला असता तर कुणाला कळलंही नसतं. पाडलं नाही. म्हणूनच दर दोन-तीनशे वर्षांनी कुणीतरी आत शिरतं, ते बघतं, आणि बाहेर येऊन कौलं फेकायला लागतं.

असिसीतच संत कार्लो अकुतिस यांचं थडगं आहे. 2006 मध्ये पंधराव्या वर्षी गेलेला मुलगा, 2025 च्या सप्टेंबरात संत जाहीर झाला. काचेमागे जीन्स आणि खेळाच्या बुटांत झोपलाय. ज्या चर्चमध्ये तो आहे तिथेच, बिशपसमोर, फ्रान्सिस यांनी अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत केले होते, अशी त्या जागेची ख्याती. रांग फ्रान्सिसपेक्षा कार्लोची मोठी होती. आमच्या गटातल्या आजींना तो नातवासारखा वाटला आणि त्या रडल्या. यावर मी काही बोलणार नाही.

आपलं वसईचंही एक सांगायला हवं, कारण बसमध्ये कुणीच सांगितलं नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कनच, 1597 मध्ये जपानला नागासाकीत क्रुसावर मारले गेले. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन चर्चचे अवशेष आहेत, फरशीत पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांच्या शिळा. 1219 मध्ये धर्मयुद्ध चालू असताना फ्रान्सिस इजिप्तमध्ये निःशस्त्र जाऊन सुलतान अल-कामिलला भेटून आले, आणि त्यांचे भाऊ आमच्याकडे आले ते तोफांच्या तटामागे. आम्ही त्यातूनच ख्रिस्ती झालो. मला त्याची लाज वाटत नाही, पण जत्रेच्या भाषणात जे सांगतात तेवढं सोपंही वाटत नाही. आणि ‘तिथले’ भरकटले म्हणताना आपल्याकडे बघावं. लग्नं अजून जात बघूनच ठरतात, हळदीला नवरीच्या अंगावर किती तोळे याची मोजदाद चर्चच्या पायरीवरच होते.

तक्रारी. मुख्य तक्रार ही की असिसीला फक्त काही तास ठेवले, आणि त्यातला मोठा वाटा एका ठरावीक दुकानात गेला. लाकडी ताऊ क्रूस (इंग्रजी T च्या आकाराचे), प्लास्टरचे फ्रान्सिस, जपमाळा. बाहेरच्या गल्लीत तोच क्रूस निम्म्या भावात मिळत होता. कमिशन असतं हे मला कळतं, आमच्याकडेही विमा असाच विकला जायचा. पण ज्याने नाणं शेणावर ठेवायला लावलं त्याच्या गावात तरी ही घाई नको होती. दुकानाऐवजी झग्याजवळ अर्धा तास जास्त दिला असता तर बिघडलं नसतं.

दुसरी तक्रार, जे बघण्यासारखं होतं ते पत्रिकेतच नव्हतं. सेंट पीटरच्या चौकातल्या खांबांच्या रांगेपाशी 2015 पासून बेघरांसाठी न्हाणीघरं आणि केशकर्तन आहे, व्हॅटिकनच्या दानधर्म विभागाने चालवलेलं. चौकालगतच पालाझ्झो मिल्योरी नावाची जुनी हवेली आहे. तिथे 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी बेघरांसाठी निवारा उघडला. आम्ही तिथून हाकेच्या अंतरावर होतो. मी आधी वाचलं होतं म्हणून मी फादरांना विचारलं, तर ते चार-पाच जणांना बाहेरून दाखवून आणायला तयार झाले. बाकीची मंडळी तेव्हा आइस्क्रीमच्या रांगेत. पोपच्या आशीर्वादाचं चर्मपत्र घ्यायचं असेल तर तेही याच दानधर्म विभागाकडूनच घ्या. 2015 पासून तेवढंच अधिकृत आहे आणि पैसे गरिबांकडे जातात.

शेवटच्या दिवशी सांता मारिया माज्योरे. पोप फ्रान्सिस यांचं थडगं इथे आहे. साधा दगड, त्यावर एकच शब्द, ‘फ्रान्सिस्कुस’. छत मात्र सोनेरी, आणि ते सोनं स्पेनच्या राजाराणीने अमेरिकेतून आलेल्या पहिल्या सोन्यातून दिलं असं गाइड सांगतात. उत्तनचे काका माझ्या शेजारी उभे होते. वर बघितलं, खाली बघितलं, म्हणाले, ‘बाय, हा माणूस इथेही छपराखालीच सापडला.’ फादर मागे होते. या वेळी हसले नाहीत.

घरी आल्यावर मुलाला फोटो दाखवले. खोपट्याचा बाहेरून काढलेला एक चोरटा फोटो होता, तो त्याने स्वतःच्या फोनवर घेतला. चर्चला अजून येत नाही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: बुकिंगच्या आधी असिसीत एक रात्र मुक्काम मागून घ्या, जादा पैसे पडले तरी. संध्याकाळी बसवाले पर्यटक गेले की गल्ल्या मोकळ्या होतात म्हणे, आमच्या नशिबी नव्हतं. बरोबर कोण फादर येणार हे नावानिशी विचारा. व्हॅटिकन म्युझियम एका सकाळीत उरकत नाही, गुडघेदुखी असेल तर सोडून दिलं तरी चालेल. डाळीचा कंटाळा येतो, लोणचं न्या. आणि दुकानाचा थांबा रद्द करायला गटातल्या दहा-बारा जणांनी मिळून सांगितलं तर ते ऐकतात, असं आमच्यानंतर गेलेल्या गटाकडून कळलं.